दोनशे औषधं पाठ, तरी पेशंटसमोर सुचत नाही

पत्र : ताई, मी बीएस्सी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. फार्माकॉलॉजीची दोनशेच्या आसपास औषधं पाठ करतेय. क्रिया, डोस, दुष्परिणाम, सगळं वहीत रंगीत पेनांनी लिहिलंय. पण परवा मेडिसिन वॉर्डात सिस्टरांनी डिगॉक्सिनची गोळी हातात देऊन विचारलं, ‘ही देण्याआधी काय बघशील?’ आणि मला एक शब्द सुचला नाही. पेशंटच्या बायकोने विचारलं, ही कशाची गोळी, तर तेही नीट सांगता आलं नाही. रात्री पाठ केलेलं सकाळी उडून जातं, सगळी औषधं सारखीच वाटायला लागतात. कसा अभ्यास करू? माझ्या हातून कुणाला काही होईल अशी भीती वाटते.
— एक विद्यार्थिनी, लातूर जिल्हा

उत्तर :

प्रिय मुली,

आधी तुझ्या शेवटच्या वाक्याबद्दल. ती भीती घालवायच्या मागे लागू नकोस. औषधाची ट्रॉली ढकलताना ज्यांना काहीच वाटत नाही, त्यांची मला जास्त काळजी वाटते. तुझी भीती कामाची आहे, फक्त तिला नक्की कुठे बघायचं ते शिकवायला हवं. आत्ता ती दोनशे औषधांवर सारखी पसरली आहे, म्हणून तिचा उपयोग होत नाही.

तू हुशार नाहीस असं अजिबात नाही. गोंधळ वहीच्या मांडणीत आहे. आपल्याकडे ड्रग बुक लिहायची ठरलेली पद्धत असते. नाव, वर्ग, क्रिया, उपयोग, डोस, दुष्परिणाम आणि अगदी शेवटी ‘नर्सेस रिस्पॉन्सिबिलिटी’. तोवर पान संपत आलेलं असतं, हात दुखत असतो, मग तिथे दोन ओळी पडतात: व्हायटल्स बघा, दुष्परिणामांवर लक्ष ठेवा. या दोन ओळी पॅरासिटामॉललाही लागू पडतात आणि मॉर्फिनलाही. म्हणजेच त्या कोणत्याच औषधाबद्दल काही सांगत नाहीत. आणि सिस्टरांनी तुला विचारलं ते नेमकं त्या कोपऱ्यातलं.

म्हणून वही उलटी कर. प्रत्येक औषधाला आधी चार प्रश्न विचार. देण्याआधी मी काय बघू? कसं आणि किती वेगाने देऊ? दिल्यावर काय बघत राहू? पेशंटला काय सांगू? प्रत्येक उत्तराच्या पुढे ‘का’ लिही. हा ‘का’ लिहायला गेलीस की औषधाची क्रिया तुला शोधावीच लागते, आणि कारणासकट शोधलेली क्रिया डोक्यातून सहज जात नाही.

तुझ्या हातात जी गोळी होती तीच घेऊ. डिगॉक्सिन, बहुतेक ०.२५ मिलिग्रॅमची. ती हृदयाच्या आकुंचनाला जोर देते आणि वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांकडे जाणारा विजेचा संदेश मंदावते. म्हणजे ठोके कमी होणार. ते आधीच कमी असतील तर आणखी कमी होणं धोक्याचं. म्हणून देण्याआधी नाडी. पण मनगटाची नव्हे, आणि पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची तर मुळीच नव्हे. हे औषध ज्यांना देतात त्यातल्या कितीतरी जणांना एट्रियल फिब्रिलेशन असतं. त्यांचे ठोके अनियमित पडतात आणि काही ठोके मनगटापर्यंत पोचतच नाहीत. म्हणून स्टेथोस्कोप छातीच्या डाव्या बाजूला, पाचव्या आणि सहाव्या बरगडीच्या मधे ठेवायचा आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं. मोठ्या माणसात ठोके ६० पेक्षा कमी आले तर गोळी थांबवायची, डॉक्टरांना कळवायचं आणि केस पेपरवर तसं लिहायचं. लहान मुलांसाठी हा आकडा वयाप्रमाणे वेगळा असतो, तो पुस्तकातून काढून ठेव.

आता त्याच पेशंटचा चार्ट बघ. बहुतेक वेळा त्यावर लॅसिक्सही असतं, म्हणजे फ्युरोसेमाइड. पाय सुजलेले, दम लागतोय, पाणी उतरवायचं असतं. लॅसिक्स लघवीवाटे पाण्याबरोबर पोटॅशियमही काढून टाकतं. डिगॉक्सिन हृदयाच्या पेशीवर जिथे चिकटतं, तिथे पोटॅशियमही जागेसाठी झगडत असतं. पोटॅशियम कमी झालं की डिगॉक्सिनला मोकळं रान मिळतं. गोळी तीच, डोस तोच, पण परिणाम विषारी. म्हणून डिगॉक्सिन देताना पोटॅशियमचा रिपोर्ट बघायचा, साधारण ३.५ ते ५. मूत्रपिंड कमजोर असेल तर डिगॉक्सिन अंगात साठतं, म्हणून क्रिएटिनिनवरही नजर टाकायची, वय झालेल्या माणसात तर हमखास.

आणि दिल्यावर काय बघायचं? इथे नर्सचं महत्त्व मला फार वाटतं. डिगॉक्सिन जास्त झाल्याची पहिली खूण बऱ्याचदा मॉनिटरवर दिसत नाही, जेवणाच्या ताटावर दिसते. आजोबा म्हणतात, जेवण नको, मळमळतंय. नातेवाईक म्हणतात, हॉस्पिटलचं जेवण त्यांना आवडत नाही. मग उलटी होते, कुणाला सगळं पिवळसर-हिरवट दिसायला लागतं, ठोक्यांची लय बिघडते. राउंडला डॉक्टर काही मिनिटं असतात. ताट परत गेलं हे तुला दिसतं. ‘दोन दिवसांपासून जेवत नाहीत आणि डिगॉक्सिन चालू आहे’ हे एक वाक्य तू हँडओव्हरमध्ये बोललीस तर ते एखाद्याचा जीव वाचवू शकतं.

लॅसिक्सचेही तेच चार प्रश्न सोडव. गोळी सकाळी द्यायची, कारण रात्री दिली तर म्हातारं माणूस अंधारात चार वेळा बाथरूमकडे धडपडत जाणार आणि पडणार. शिरेतून देताना सावकाश, २० मिलिग्रॅमला एक-दोन मिनिटं. मोठे डोस घाईने दिले तर कानावर परिणाम होतो. आधी रक्तदाब. नंतर इनटेक-आउटपुट, म्हणजे किती पाणी आत गेलं आणि किती लघवी झाली, आणि रोज सकाळी त्याच काट्यावर वजन, कारण पाणी खरंच उतरतंय का हे वजनाइतकं प्रामाणिकपणे दुसरं काही सांगत नाही. पायात गोळे येतात का, अशक्तपणा वाटतो का, हे विचारायचं. पेशंटला सांगायचं, पलंगावरून एकदम उठू नका, आधी बसा, मग उभे राहा. बघ, दोन औषधं आणि एक पेशंट, यातून किती पानं भरली. रंगीत पेनाची गरज पडली नाही.

आता दोनशे औषधांचं काय? माझं स्पष्ट मत आहे की ती सारख्या महत्त्वाची नाहीत, आणि सगळ्यांना सारखा वेळ देणं चूक आहे. व्हिटॅमिन बी-कॉम्प्लेक्सचा एक डोस चुकला तर कुणी मरत नाही. काही औषधांत दशांश चिन्ह इकडचं तिकडे झालं तर मरतं. आधी ती शिक: इन्सुलिन, पोटॅशियम क्लोराइड, हेपॅरिन, मॅग्नेशियम सल्फेट, मॉर्फिनसारखी अफूवर्गातली औषधं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांच्या चुका कमी करण्यासाठी जगभर मोहीम सुरू केली, तिच्यातही अशा जास्त धोक्याच्या औषधांवर भर आहे.

इन्सुलिनबद्दल आपल्या देशातली एक गोष्ट परदेशी पुस्तकात तुला धड सापडणार नाही. आपल्याकडच्या बऱ्याच व्हायल एका मिलीत ४० युनिटच्या असतात, आणि पेनची कार्ट्रिज १०० युनिटची. सिरिंजही दोन प्रकारच्या, ४० वाल्यांचं टोपण लाल आणि १०० वाल्यांचं नारिंगी. १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत ओढलंस तर पेशंटला २५ युनिट जातात. उलट केलंस तर १० ऐवजी ४. म्हणून व्हायलवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतोय हे मोठ्याने वाचायचं, दुसऱ्या सिस्टरला दाखवायचं, मगच टोचायचं. साधं आणि गढूळ इन्सुलिन एकत्र ओढायचं असेल तर स्वच्छ दिसणारं आधी. आणि टोचण्याआधी सर्वांत महत्त्वाचं, हा पेशंट जेवणार आहे का? रेग्युलर इन्सुलिन जेवणाआधी साधारण अर्धा तास देतात. तुम्ही इन्सुलिन दिलंत आणि कुणीतरी त्याला उपाशीपोटी सोनोग्राफीला घेऊन गेलं, तर तिकडच्या बाकावर त्याची साखर उतरते. घाम, थरथर, धडधड, बडबड. साखर ७० च्या खाली आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, शिरेतून डेक्स्ट्रोज. आणि तो प्रोप्रॅनोलॉलसारख्या बीटा ब्लॉकरवर, म्हणजे ठोके आणि रक्तदाब कमी करणाऱ्या औषधावर, असेल तर थरथर आणि धडधड झाकली जाते, घाम मात्र येतो. म्हणून अशा पेशंटच्या कपाळाला हात लावून बघायची सवय ठेव.

पोटॅशियम क्लोराइडबद्दल एकच नियम हाडात भिनव: शिरेतून थेट कधीही ढकलायचं नाही. हृदय बंद पडतं. आपल्याकडच्या १० मिलीच्या १५ टक्के अँप्युलमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक) असतं. ते सलाईनमध्येच मिसळायचं आणि बाटली खाली-वर करून नीट ढवळायची, नाहीतर ते तळाशी साठतं आणि पहिल्या धारेलाच जातं. हातातल्या शिरेतून साधारण तासाला १० मिलीइक्विव्हॅलंटपेक्षा वेगाने जाऊ द्यायचं नाही. लावण्याआधी लघवी होतेय ना, ते बघायचं, कारण पोटॅशियमचा बाहेर जायचा रस्ता तोच. वॉर्डात ही अँप्युल डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारच्या खणात दिसली तर इन-चार्ज सिस्टरना सांग. विद्यार्थिनी असलीस तरी सांग.

रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनच्या ५ मिलीच्या व्हायल दोन शक्तींच्या मिळतात, एका मिलीत १,००० युनिट किंवा ५,००० युनिट. ५,००० युनिटचा डोस एका व्हायलमधून ५ मिली होतो आणि दुसरीतून फक्त १ मिली. लेबल न वाचणाऱ्याच्या हातून पाचपट डोस जाऊ शकतो. टोचल्यावर जागा चोळायची नाही. हिरड्या, लघवी, शौच, टोचलेल्या जागा, सगळीकडे रक्त शोधायचं. उतारा प्रोटामीन सल्फेट. त्याच कामाची गोळी वॉरफरिन, तिला उतारा व्हिटॅमिन के, आणि तपासणी आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची.

मॅग्नेशियम सल्फेट तर तुला पाठच हवं, कारण उद्या तू एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असशील, रात्रीचे दोन वाजलेले असतील, झटके येणारी गरोदर बाई जीपमधून उतरवतील आणि डॉक्टर वाटेत असतील. ५० टक्केच्या २ मिली अँप्युलमध्ये १ ग्रॅम. रेफर करण्याआधीचा पहिला डोस एएनएमलाही (उपकेंद्रातल्या नर्सलाही) देता येतो, दोन्ही कुल्ल्यांत खोलवर ५-५ ग्रॅम, एकूण १०. पुढचा प्रत्येक डोस देण्याआधी तीन गोष्टी: गुडघ्याचा झटका येतोय का (गुडघ्याखाली हलकं ठोकल्यावर पाय उडतो तो), श्वास मिनिटाला किमान १६ आहे का, मागच्या चार तासांत लघवी ताशी ३० मिलीच्या हिशोबाने झाली का. आता ‘का’ बघ. मॅग्नेशियम स्नायूंकडे जाणारा संदेश अडवतं. रक्तात ते वाढत गेलं की आधी गुडघ्याचा झटका जातो, मग श्वास, मग हृदय. म्हणजे गुडघा तुला श्वास थांबण्याच्या आधी सांगतो. गुडघ्याचा झटका येत नसेल तर पुढचा डोस नाही. आणि उशाशी १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटची १० मिलीची अँप्युल तयार, सावकाश शिरेतून द्यायला. एकदा हा क्रम समजला की तीनपैकी एकही तपासणी विसरायची तुझी हिंमत होणार नाही.

मॉर्फिनला आधी आणि नंतर श्वास मोज, बाहुल्या बघ, उतारा नॅलोक्सोन. अँटिबायोटिकचा पहिला डोस शिरेतून दिलास की लगेच पाठ फिरवू नकोस, पहिली काही मिनिटं पेशंटजवळ थांब. अंगावर पित्त उठलं, आवाज बसला, दम लागला, तर औषध बंद, हाक मार आणि ॲड्रिनलिन तयार ठेव: मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. व्हॅन्कोमायसिन किमान तासभर चालायला हवं. सेफ्ट्रायाक्झोन रिंगर लॅक्टेटमध्ये किंवा कॅल्शियमबरोबर मिसळू नये. फिट्सवरच्या एप्टॉइनचं (फेनिटॉइन) इंजेक्शन नॉर्मल सलाईनमध्येच, डेक्स्ट्रोजमध्ये त्याचा साका होतो. बाकीची औषधं यानंतर आपोआप आपापल्या जागी बसतील.

सगळी नावं सारखी वाटतात म्हणतेस. त्यांच्या शेपट्या ओळखायला लाग. ‘ओलॉल’ दिसलं की बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी, रक्तदाब आणि दम्याची चौकशी. ‘प्रिल’ दिसलं की रक्तदाबाचं औषध, म्हणजे कोरडा खोकला, पोटॅशियम वाढणं आणि ओठ-जीभ सुजली तर ताबडतोब थांबवणं. ‘डिपिन’ हेही रक्तदाबाचंच, म्हणजे घोटे सुजतील. पण ‘झोल’वर विसंबू नकोस. पँटोप्रॅझोल आम्लाचं, फ्लुकोनॅझोल बुरशीचं, मेट्रोनिडॅझोल जंतूंचं आणि अल्बेंडॅझोल जंताचं. शेपूट एक, घराणी चार. शिवाय पुस्तकात मूळ नाव आणि केस पेपरवर ब्रँडचं नाव, हा आपल्याकडचा कायमचा त्रास. त्यासाठी तुझ्या वॉर्डातल्या ट्रॉलीवर आत्ता जी आहेत तेवढीच ब्रँड नावं मूळ नावासकट लिहून काढ. मोनोसेफ, एमेसेट, व्होव्हेरान, डेरिफायलिन. रोजच्या वापरातली यादी तुला वाटते त्यापेक्षा बरीच छोटी निघेल.

मराठी माध्यमाचं ओझं तर काढूनच टाक. पेपर इंग्रजीत लिहायचाय, पण समजून मराठीतच घे. ‘पोटॅशियम कमी झालं की डिगॉक्सिन जास्त चिकटतं’ हे तू स्वतःला मराठीत सांगू शकलीस तर परीक्षेत इंग्रजीत दोन ओळी जमतील. उलट्या रस्त्याने गेलीस तर इंग्रजी वाक्य पाठ राहील आणि पेशंटच्या बायकोला उत्तर देता येणार नाही. तिला हवं होतं ते एवढंच: ‘काकू, ही हृदयाचा जोर वाढवायची गोळी आहे. रोज त्याच वेळेला द्यायची. ते जेवेनासे झाले, मळमळ झाली किंवा डोळ्यांना वेगळं दिसायला लागलं तर लगेच आम्हाला सांगा.’ टीबीच्या पेशंटला आधीच सांगावं की रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते, घाबरू नका. नाहीतर रक्त जातंय समजून तो गोळ्या सोडतो. गरोदर बाईला लोहाच्या गोळीने शौचाला काळं होतं हे सांगावं, आणि गोळी चहाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर चालेल, हेही.

आणि पेशंटचं ऐकायचं. ‘सिस्टर, माझी रोजची गोळी पांढरी असते, ही नाही,’ असं कुणी म्हणालं तर हात तिथेच थांबव. कंपनी बदलली असेल किंवा गोळीच दुसऱ्याची असेल. केस पेपर बघेपर्यंत तुला ते कळणार नाही. ओळख पटवताना ‘तुम्ही पाटील ना?’ असं विचारू नकोस. आपल्याकडे माणसं मान डोलावतात, आणि एका वॉर्डात तीन पाटील असतात. ‘तुमचं पूर्ण नाव सांगा’ म्हण. दुसऱ्याने ओढून ठेवलेलं इंजेक्शन देऊ नकोस. दिल्याशिवाय सही करू नकोस. अक्षर लागत नसेल तर अंदाज करू नकोस, विचार, मग कुणी वैतागलं तरी चालेल. आणि अजून तू विद्यार्थिनी आहेस, त्यामुळे स्टाफ सिस्टर शेजारी असल्याशिवाय काहीही देऊ नकोस.

राहिलं गणित. त्याबद्दल तू लिहिलं नाहीस, पण तुझ्या वर्गातल्या निम्म्या मुली त्यालाच घाबरत असतील. १२ किलोच्या मुलाला पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅमप्रमाणे द्यायचं, म्हणजे १८० मिलिग्रॅम. ५ मिलीत १२० वालं सिरप असेल तर ७.५ मिली, ५ मिलीत २५० वालं असेल तर ३.६ मिली. बाटली न बघता दुसऱ्यातून ७.५ मिली दिलंस तर ३७५ मिलिग्रॅम गेलं, दुपटीहून जास्त. हे एक उदाहरण वहीत मांड, मग पुढची दोन स्वतः कर: ५०० मिली सलाईन चार तासांत द्यायचं आहे, सेट मिलीला २० थेंबांचा, तर मिनिटाला किती थेंब? आणि ४ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट ५० टक्केच्या अँप्युलमधून घेऊन २० टक्के करायचं आहे, तर किती मिली औषध आणि किती मिली डिस्टिल्ड वॉटर? पहिल्याचं उत्तर ४२ च्या आसपास यायला हवं, दुसऱ्याचं ८ आणि १२. तशी आली नाहीत तर कुठे अडलीस ते पायरीसकट लिहून पाठव.

तुझी,
ताई